आठवीतल्या मुलीला इन्स्टाग्राम द्यावे का? यवतमाळ जिल्ह्यातील एका आईला उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. त्यांची मुलगी १३ वर्षांची असून आठवीत शिकते. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर तिच्याजवळ असतो, कारण आई-वडील दोघेही वावरात असतात आणि शाळेचा अभ्यास वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. मैत्रिणींचे पाहून तिने इन्स्टाग्राम मागितले, आईने नाही म्हटले, तेव्हा चुलत भावाकडून तिने ते गुपचूप उघडून घेतले. हे कळल्यावर ताईंनी मोबाईल काढून घेऊन पेटीत ठेवला. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही, आणि तिचे वडील म्हणू लागले की हेच शिकायचे असेल तर शाळाच बंद करून टाकू. ताई विचारतात, या वयाच्या मुलांना सोशल मीडिया वापरू द्यावे की देऊ नये?

ताई, मी गेली १२ वर्षे एका ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. १० ते १९ वर्षांची मुले-मुली हेच माझे काम. तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देते. १३ व्या वर्षी मुलीचे स्वतःचे, कोणालाही न दिसणारे, तिच्या एकटीच्या ताब्यातले खाते नसावे असे माझे मत आहे. परंतु तुमच्या पत्रातली इन्स्टाग्रामची ओळ मला सर्वांत गंभीर वाटली नाही. शाळा बंद करण्याचे बोलणे मात्र फार गंभीर वाटले. ते बोलणे घरात जोवर चालू आहे तोवर इन्स्टाग्राम द्या अथवा देऊ नका, तुमची मुलगी सुरक्षित होणार नाही. असे का म्हणते, ते एका मुलीच्या गोष्टीवरून सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

नववीतली एक मुलगी आईसोबत दवाखान्यात आली होती. डोके दुखते, रात्री झोप येत नाही, छातीत धडधडते अशी तक्रार होती. डॉक्टरांनी तपासले, रक्ताची तपासणी झाली, सगळे ठीक निघाले, म्हणून त्यांनी तिला माझ्याकडे पाठवले. आई बाहेर बाकावर बसली. मुलगी दप्तरातली कंपासपेटी काढून तिचे झाकण उघडत होती, मिटत होती. बराच वेळ तेवढाच आवाज खोलीत होता. मग हळूहळू कळले की शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिने केलेल्या नाचाचा व्हिडिओ मामेबहिणीने रील करून टाकला होता. एका अनोळखी मुलाने त्याचे कौतुक केले, बोलणे सुरू झाले, महिनाभर चालले, मग त्याने फोटो मागितला आणि तिने पाठवला. केस मोकळे सोडलेला, ओढणी नसलेला, आरशासमोरचा एक फोटो. त्यात लाजण्यासारखे काहीही नव्हते. पण त्यानंतर तो रोज धमकी देऊ लागला की आणखी फोटो पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या गावातल्या सगळ्यांना पाठवतो. तिने मोबाईलचा आवाज बंद करून तो जुन्या गणवेशात गुंडाळून पेटीत ठेवून दिला होता. तीन आठवडे ती हे एकटी सहन करत होती.

मी विचारले, आईला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, "सांगतलं असतं तं शाळा बंद केली असती. मंग पाहुणे आले असते पाह्याले."

ताई, १२ वर्षांत मी हे वाक्य निरनिराळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यानंतर सोशल मीडियाच्या प्रश्नाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. त्या माणसाच्या हातात एक साधा फोटो होता. त्या फोटोला धमकीचे बळ मिळाले ते मुलीला घरची भीती वाटत होती म्हणून. मी तिच्या संमतीने आईला आत बोलावले आणि सगळे सांगितले. ती बाई दिवसभर कापूस वेचणारी, दुसरीपर्यंत शिकलेली. ती काही वेळ काहीच बोलली नाही. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "एवढंच व्हय? मले वाटलं तुले काई मोठा रोग झाला." त्या क्षणी मुलीचे खांदे खाली आले ते मला आजही दिसते. पुढे तक्रार झाली, खाते बंद झाले, वडिलांना दुसऱ्या दिवशी आईने आणि मामाने मिळून सांगितले. शाळा बंद झाली नाही. ती बारावी झाली.

म्हणून तुमच्या घरात पहिले काम हे आहे की वडिलांनी मुलीसमोर, स्पष्ट शब्दांत सांगावे की काहीही झाले तरी शाळा बंद होणार नाही. मुलीचे लग्न १८ वर्षांच्या आत करणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी वेगळे सांगायला नको. पण कायद्याच्या धाकापेक्षा वडिलांच्या तोंडचे ते एक वाक्य तिच्या जास्त उपयोगाचे आहे. इन्स्टाग्रामबद्दलचे नियम त्यानंतर ठरवावेत. हा क्रम उलटला तर नियम पाळले जात आहेत असे तुम्हाला दिसत राहील आणि आतून सगळे लपून चालू राहील.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उत्तर घरोघरी थोडे वेगळे असते. घरात एक मोबाईल आहे की प्रत्येकाचा वेगळा, मूल आजी-आजोबांजवळ वाढते आहे की आश्रमशाळेच्या वसतिगृहात, आई-वडील मजुरीसाठी चार महिने बाहेरगावी असतात का, मूल मुळात अबोल आहे की घरी येऊन सगळे सांगणारे, यावर बरेच अवलंबून असते. एकाच वर्गातल्या दोन मुलींना मी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. तरीही १३-१४ व्या वर्षी हात आखडता का घ्यावा, याची कारणे मला सर्वांसाठी सारखीच वाटतात.

या वयात मेंदूतला आनंद आणि कौतुक हवे असणारा भाग लवकर तीव्र होतो, आणि स्वतःला थांबवणारा, परिणामांचा विचार करणारा भाग मागून पिकत जातो. तो विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो. सोशल मीडियाची रचना नेमकी त्या पहिल्या भागाला हाक मारणारी आहे. किती जणांनी लाईक केले याचा आकडा सर्वांसमोर दिसतो, एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते, स्नॅपचॅटवर रोज संदेश पाठवला नाही तर साखळी तुटते. वावरातल्या कामाला दिवस मावळला की शेवट असतो, शाळेच्या तासाला घंटा असते. रीलला असा शेवट ठेवलेलाच नाही, आणि ते चुकून झालेले नाही. मोठ्या माणसांनाही जे सोडवत नाही ते आठवीतल्या मुलीने आपल्या मनाच्या बळावर सोडावे ही अपेक्षा न्यायाची नाही. ती दोन दिवस जेवली नाही यावरून ती बिघडली असा अर्थ काढू नका. तिच्या दृष्टीने तिच्याकडून मैत्रिणी काढून घेतल्या गेल्या आहेत.

अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागारांनी, मे २०२३ मध्ये याविषयी जाहीर सूचना काढली होती. दिवसाला ३ तासांहून अधिक वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरवयीनांत नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो, असे त्यात म्हटले आहे. हे वाचताना एक काळजी घ्यावी. आधीच उदास असलेली मुले मोबाईलमध्ये जास्त वेळ घालवतात हेही खरे असते, त्यामुळे या आकड्यावरून सगळा दोष मोबाईलवर टाकता येत नाही. माझ्या खोलीत येणाऱ्या मुलांत मला दोन्ही प्रकार दिसतात. पण एका बाबतीत मला काहीही शंका उरलेली नाही, ती म्हणजे झोप.

आठवीतलाच एक मुलगा, शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडला म्हणून आणला होता. घरच्यांना फिट येते की काय अशी भीती होती. कापूस वेचणीचे दिवस होते, आई-वडील पहाटे ५ ला उठून कामाला लागायचे आणि रात्री ९ ला झोपी जायचे. मुलाचे अंथरूण सपरीत आणि मोबाईलचा चार्जरही सपरीतच. घर झोपले की तो गोधडीत रात्री २ पर्यंत रील पाहायचा. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. त्याला जेमतेम ४ तास मिळत होती, आणि सकाळी तो उपाशीच शाळेत जात होता. मी त्याला मोबाईलचे दुष्परिणाम सांगत बसले नाही. चार्जर आबाजींच्या खाटेशेजारी नेऊन लावायला सांगितला, एवढेच. आबाजींची झोप सावध होती. १५ दिवसांनी मुलगा परत आला तेव्हा डोळ्यांखालची काळी वर्तुळे कमी झाली होती आणि त्याच्याच बोलण्यात आले की बरे झाले, मला स्वतःला बंद करता येत नव्हते. मुले असे म्हणतात, ताई. आपण विचारले आणि ऐकायला थांबलो तर म्हणतात.

तेव्हा माझ्या अनुभवातला सर्वांत उपयोगी नियम वयाचा नाही, जागेचा आणि वेळेचा आहे. मोबाईल रात्री मुलांजवळ झोपत नाही, आणि दिवसा तो ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर वापरला जातो. हा नियम घरातल्या सर्वांना लागू असला तरच टिकतो. वडील रात्री ११ पर्यंत खाटेवर व्हिडिओ पाहत असतील तर मुलीला तो अन्याय वाटेल आणि तिचे वाटणे बरोबर असेल.

वयाचा नियम कायद्यात काय आहे तेही सांगते, कारण गावात याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट आणि व्हॉट्सॲप या सर्वांच्या अटींमध्ये किमान वय १३ आहे. हा आकडा मुलांचे मन त्या वयात तयार होते म्हणून आलेला नाही. १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करू नये असा अमेरिकेत १९९८ साली कायदा झाला, आणि कंपन्यांनी तीच रेघ जगभर ओढली. म्हणून मुलीला १३ पूर्ण झाले म्हणजे ती तयार झाली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे, त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. ऑस्ट्रेलियाने याहून पुढे जाऊन १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना खातीच ठेवू न देण्याचा कायदा लागू केला. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की तिथे दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा आई-बापाला नाही.

बंदीचा प्रयोग आपल्या जिल्ह्यातही झाला आहे. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी वाट धरली. तिथे रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या घरांत टीव्ही-मोबाईल बंद, मुलांचा अभ्यास सुरू. मला विचाराल तर दुसरी वाट आपल्या गावांना अधिक मानवणारी आहे. तिच्यात मोठी माणसेही सामील असतात, आणि 'फक्त माझ्याच घरात नाही' हे मुलाचे दुःख राहत नाही. एका घराने बंदी घातली की मूल एकटे पडते. शेजारच्या घरी जाऊन, मित्राच्या मोबाईलवर तेच पाहते, आणि तिथे तर कोणाचीच नजर नसते. तरीही बान्सीच्या लोकांना मी नावे ठेवणार नाही. कोरोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, ऑनलाईन वर्गासाठी उसनवारी करून मोबाईल घ्यावे लागले, शाळा पुन्हा उघडल्या आणि मोबाईल मुलांच्या हातातच राहिला. त्या हतबलतेतून तो ठराव आलेला आहे आणि ती हतबलता मी रोज पाहते.

संपूर्ण बंदी तुमच्या घरात का चालणार नाही, याचे एक साधे कारण वर्गाचा ग्रुप हे आहे. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, जिच्यातून निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिचे सराव प्रश्न, अर्जाच्या तारखा, सरांचे निरोप सगळे त्या मोबाईलवर येते. तो पेटीत कुलूपबंद केला तर तिचे नुकसान नक्की आहे. यूट्यूबवर पाहून गणित समजून घेणारी, गावात प्रशिक्षक नसताना धावण्याचा सराव कसा करावा ते शिकणारी मुले मी पाहिली आहेत. ज्या गावात विज्ञानाचे पद तीन वर्षे रिकामे आहे तिथे हे लहान काम नव्हे.

ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी २०२४ च्या 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणात जे आढळले ते माझ्या अनुभवाशी जुळते. सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांच्यापैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि सुमारे ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी आपले प्रोफाइल खाजगी कसे करायचे हे माहीत असलेली मुले सुमारे ५५ टक्के होती. म्हणजे जवळजवळ निम्मी मुले दार सताड उघडे टाकून आत बसली आहेत आणि दाराला कडी असते हेच त्यांना कोणी दाखवलेले नाही. त्याच सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता आणि तशा मुलींपैकी सुमारे २७ टक्क्यांकडे.

या शेवटच्या फरकाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. आपल्याकडे मुलाला दहावीआधीच मोबाईल मिळतो आणि मुलीला बारावीनंतरही घरचाच वापर असे सांगितले जाते, आणि यामागे मुलीचे रक्षण हे कारण दिले जाते. प्रत्यक्षात याचा परिणाम असा होतो की मुलगी शिकत नाही आणि मुलगा बेलगाम होतो. तुमच्या घरातही खाते उघडून दिले चुलत भावाने. त्याला कोणी एक शब्द विचारला का? मला धमक्यांच्या प्रकरणांत जे मुलगे दिसतात ते फार लांबचे गुन्हेगार नसतात, पुष्कळदा ते याच तालुक्यातले १६-१७ वर्षांचे, गंमत म्हणून सुरू करून गुन्ह्यापर्यंत पोहोचलेले असतात. १८ वर्षांखालील व्यक्तीचा अश्लील फोटो पाठवणे, आलेला फोटो दुसऱ्याला पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि असा मजकूर मोबाईलमध्ये साठवून ठेवण्याविषयीही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कठोर भूमिका घेतली आहे. हे मुलींच्या आयांपेक्षा मुलांच्या आयांना आधी सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता तिच्या खात्याचे काय करायचे ते सांगते. चुलत भावाने खाते उघडताना जन्मसाल कोणते टाकले, हे सर्वांत आधी पाहा. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक खात्यांत जन्मसाल खोटे होते; कुणी मोठ्या भावाचे टाकलेले, कुणी बोट खाली सरकवून जे आले ते ठेवलेले. हे क्षुल्लक वाटते, पण इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांसाठी जी वेगळी खाती आणली, त्यांचे सगळे संरक्षण या एका आकड्यावर टिकलेले आहे. खरे वय टाकले तर खाते आपोआप खाजगी होते, अनोळखी माणूस संदेश पाठवू शकत नाही, ६० मिनिटांनी थांबण्याची सूचना येते, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात, आणि १६ वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करायचे असतील तर पालकांची परवानगी लागते. जन्मसाल १९९८ टाकले की यातले काहीही लागू होत नाही. कंपनीच्या लेखी तुमची १३ वर्षांची मुलगी ही एक मोठी बाई आहे आणि तिला येणारे संदेशही त्याच हिशोबाने येतात.

माझा सल्ला असा की ते खाते तिने स्वतः, तुमच्या शेजारी बसून बंद करावे. तुम्ही तिच्या पाठीमागे करू नये. त्यात कोणाशी बोलणे झाले आहे ते तिला वाटले तर ती दाखवेल, नाही वाटले तर आज आग्रह धरू नका. फक्त एवढे विचारा की तुला त्रास देणारे, फोटो मागणारे कोणी त्यात होते का. मग ठरवा की दहावी संपेपर्यंत स्वतःचे खाते नाही. या काळात आठवड्यातून दोन-तीनदा, संध्याकाळी, अर्धा तास तुमच्या खात्यावरून तुमच्यासोबत पाहता येईल, आणि मैत्रिणींशी बोलायला व्हॉट्सॲप आहेच. दहावीची परीक्षा झाल्यावर, १६ च्या सुमारास, खऱ्या वयाचे खाजगी खाते उघडण्याचा विचार करू. तिला ही तारीख सांगणे आवश्यक आहे. 'नाही' आणि 'अजून नाही' यांत मुलांना फार मोठा फरक वाटतो, आणि दुसरे उत्तर ती बहुतेक वेळा सहन करतात.

तुम्ही वावरात असताना मोबाईल तिच्याजवळ राहणार हे टाळता येत नाही. त्यासाठी गुगलचे फॅमिली लिंक नावाचे मोफत ॲप आहे. त्यातून कोणते ॲप उतरवायचे याची परवानगी पालकांच्या हाती राहते आणि रोजची वेळ ठरवता येते. पण त्याला पालकाजवळ वेगळा मोबाईल लागतो, आणि एकाच मोबाईलच्या घरात ते नीट चालत नाही. तुमच्याकडे त्यापेक्षा सोपे हे की अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी, बाकीच्या वेळी मोबाईल आजीजवळ किंवा शेजारच्या काकूंजवळ ठेवायची सवय लावावी, आणि इंटरनेटचा रिचार्ज घरच्यांच्या हातात ठेवावा. चोरून तपासणी करू नका. अधूनमधून तिच्यासमोर पाहीन, असे आधी सांगून पाहा.

या सगळ्यात एक मोठी पोकळी आहे तिचाही उल्लेख करते. १३ व्या वर्षी शरीर बदलते, पाळी सुरू होते, मुलांविषयी ओढ वाटू लागते, आणि याविषयी आपल्या घरात कोणी बोलत नाही. मग ते सगळे मोबाईल सांगतो, आणि चुकीचे सांगतो. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान' शिबिरांतून मुला-मुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोलण्याची जी पद्धत घालून दिली, तिच्यामुळे विदर्भातल्या आमच्यासारख्या अनेकांना बोलायची हिंमत आली. तुम्हाला संकोच वाटत असेल तर आशाताईंना सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा, किंवा मुलीला जवळच्या मैत्री क्लिनिकमध्ये घेऊन जा. पैसे लागत नाहीत आणि तिचे बोलणे बाहेर जात नाही.

आणि तिच्या मोबाईलमध्ये खरोखरच धमकी किंवा फोटोचे प्रकरण निघाले तर काय करायचे ते आत्ताच माहीत असू द्या. घाबरून काहीही पुसू नका. संदेशांचे स्क्रीनशॉट घ्या, समोरच्याच्या खात्याचे नाव लिहून ठेवा, मग त्याला ब्लॉक करा, आणि पैसे किंवा आणखी फोटो अजिबात पाठवू नका. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे, मनाचा ताण असह्य झाला तर टेलिमानसचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच कळवावे. १८ वर्षांखालील मुलांचे उघडे फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी तो फोटो अडवला जातो. पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती गावात फार असते, म्हणून हेही सांगते की २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे, म्हणजे मुलांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याप्रमाणे, मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि तिचे नाव कुठेही प्रसिद्ध करता येत नाही.

वडिलांशी बोलणे तुम्हाला अवघड जाईल, हे मी जाणते. मी अनेक वडिलांशी बोलले आहे आणि शाळा बंद करण्याच्या बोलण्यामागे बहुधा एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे गावात नाव जाईल ही भीती आणि मोबाईलमधले आपल्याला काही कळत नाही ही लाज. त्यांना चूक दाखवू नका. त्यांना म्हणा की आपल्या पोरीला काही झाले तर तिने पहिला फोन तुम्हाला करावा असे वाटते की अनोळखी माणसाला? मी हा प्रश्न विचारला की बहुतेक वडील गप्प होतात आणि मग हळू आवाजात बोलू लागतात.

आज संध्याकाळी वावरातून आल्यावर मोबाईल पेटीतून काढा आणि वर्गाच्या ग्रुपसाठी तो तिला परत द्या. तिला जेवायला वाढा. जेवण झाल्यावर तिच्याजवळ बसून म्हणा की तुला त्या इन्स्टाग्रामवर काय आवडते ते मला दाखव, मला पाहायचे आहे. ती आधी संशयाने पाहील. मेंदी, नाच, कुणाची स्वयंपाकाची रील, जे काही दाखवेल ते शेवटपर्यंत पाहा, आणि त्या दिवशी त्यावर काहीही बोलू नका.